दोन आणि चारवर

शंकेखोर : मुंबईत जॅझ ड्रमर म्हणून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं ना? मग आधी त्याचा महिना उलगडून पाहू. शनिवारी कुठल्या तरी पंचतारांकित हॉटेलात लग्नाचं ‘संगीत’. तिथे हिंदी सिनेमातली गाणी, तीही नवरीच्या मावशीच्या फर्माइशीने. मधल्या वारी एखाद्या कंपनीचा मेळावा. कानात क्लिक, शेजारी लॅपटॉप, आणि ट्रॅकमध्ये आधीच भरून ठेवलेल्या ठोक्यावर आपला ठोका बसवायचा. आठवड्यातल्या तीन-चार दुपारी शिकवण्या : ट्रिनिटीच्या नाहीतर रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षेला बसलेली पोरं आणि त्यांना न्यायला आलेल्या आया. एखादी जाहिरात लागली तर स्टुडिओत दोन तास. यातून उरलेल्या एखाद-दोन रात्री कुलाब्यात किंवा वांद्र्यात, तिघाचौघांचा बँड, तिथे जॅझ. तिथली रक्कम चौघांत वाटून टॅक्सीचं भाडं वजा केलं की हातात काय राहतं ते विचारूच नका. तासांच्या हिशेबाने हा माणूस लग्नातला वाजंत्री आणि शिकवणीचा मास्तर आहे. जॅझ हे त्याने स्वतःला लावून घेतलेलं बिरुद. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आणि राहायला कुठे, तर चिंचपोकळीत, जिथे शेजाऱ्यांना आपला धंदा समजावताना ‘ऑर्केस्ट्रात आहे’ म्हणून विषय मिटवावा लागतो.

शौकीन : तासांचा हिशेब लावला तर या शहरातल्या कुठल्याच जॅझवाल्याला जॅझवाला म्हणता येणार नाही, आणि हे काही आजचं नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांना ऐकत गोव्याची नि पारशांची पोरं तयार झाली. चिक चॉकलेट म्हणून गाजलेला ट्रम्पेटवाला हळदोण्याचा, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्याचा बँड ताजमध्ये वाजायचा आणि तोच सी. रामचंद्रांच्या ध्वनिमुद्रणांतही असायचा. १९५१ च्या ‘अलबेला’त जो उसळता ताल ऐकून सगळा महाराष्ट्र नाचला, तो याच रामचंद्रांनी, पुणतांब्याच्या चितळकरांनी, या हॉटेलवाल्या वादकांना हाताशी धरून उभा केला. तालवाद्यांवर कावस लॉर्ड. पुढे त्यांची मुलं केरसी आणि बुजी, दोघंही सिनेमात. लेस्ली गोदिन्होंसारखा जॅझचा ड्रमर राहुलदेव बर्मनच्या ताफ्यात असे. यांचे दिवस सिनेमाने विकत घेतले म्हणून रात्री त्यांच्या हाती राहिल्या. आणि ही पद्धत जॅझचीच तरी कुठे? अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत नोकरीला होते. बालगंधर्वांच्या पदांना रोज ठेका धरणारा हा माणूस देशातला पहिल्या रांगेतला तबलिया होता, आणि त्याला ‘नाटकवाला’ म्हणून कुणी खाली ओढलं नाही. केवळ शुद्ध कलेवर जगणारा वादक ही कल्पना बहुधा ज्याला वाजवून जगावं लागलं नाही अशाच कुणीतरी काढलेली आहे. दुसरं काम म्हणजे कलेत पडलेलं पाणी असं तुम्ही समजता. मी म्हणतो, त्या कामावरच ही कला उभी आहे.

शंकेखोर : उदाहरणं चांगली दिलीत, पण ती माझ्या बाजूची आहेत. थिरकवांना मंडळीने ठेवलं ते त्यांच्या तबल्यासाठी. नाटकाला तो तबला हवा होता. चिक चॉकलेटला सिनेमाने बोलावलं ते त्याच्याकडे जे जॅझ होतं त्यासाठीच. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांची रात्र सुकली, तेव्हा हीच मंडळी स्टुडिओत गेली आणि तिथे त्यांची विद्या जशीच्या तशी खपली. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी घोटून घेतलेली. समोर कागद ठेवला की वाजवायला तयार. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमसमध्ये सगळा वाद्यवृंद एका दमात वाजायचा. एकाचा हात चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात ड्रमर रोज घडतो. आज? १९८५ मध्ये ऑक्टोपॅड बाजारात आला, मग प्रोग्रॅमिंग आलं, आणि ज्या खोलीत चाळीस माणसं बसायची तिथे एक माणूस आणि एक माऊस बसला. आता तुमच्या ड्रमरला लग्नात बोलावतात ते तो जॅझ जाणतो म्हणून नव्हे. जाणत असेल तर त्याने ते घरी ठेवून यावं अशी अपेक्षा असते. पोटाचं काम आणि हातातली विद्या यांचा सांधा होता तोवर तुमचं म्हणणं खरं होतं. तो सांधा निखळला आहे. शोभा गुर्टूंच्या मुलाचंच बघा. आई बेळगावची, ठुमरीत अख्ख्या देशात नाव. मुलगा त्रिलोक इथे मुंबईत वाढला, तबला आणि ड्रम एकत्र करून जमिनीलगत बसून वाजवायचा अजब सेट त्याने मांडला, झांजा वाजता वाजता पाण्याच्या बादलीत बुडवल्या, आणि जॉन मॅकलॉफ्लिनच्या बरोबरीने जगभर वाजवलं. पण राहिला कुठे? युरोपात. इथे राहून हे झालं असतं का, ते तुम्हीच सांगा.

शौकीन : त्रिलोक गुर्टू गेले, मान्य. पण त्याच मॅकलॉफ्लिनच्या बँडमध्ये पुढे ड्रमवर बसलेले रणजित बारोट मुंबईतच राहिले, आणि हिंदी सिनेमाचं कामही करत राहिले. एक गेला म्हणून दार बंद आणि एक राहिला म्हणून उघडं, असं दोन्ही म्हणता येतं, तेव्हा ती नावं बाजूला ठेवू. मला बोलायचं आहे ते ज्याचं नाव कुणी छापत नाही त्या ड्रमरच्या हाताबद्दल. सांधा निखळला म्हणता? जेवणाच्या वेळी हॉटेलच्या कोपऱ्यात वाजणारा बँड घ्या. मॅनेजर दर वीस मिनिटांनी येऊन ‘थोडं हळू’ म्हणून जातो. उजवा हात राइड सिंबलवर चाललाय, डाव्या पायाखालचा हाय-हॅट दोन आणि चारवर मिटतोय, आणि अठरा इंची बास ड्रमवर उजवा पाय चारही मात्रांवर इतका हलका पडतोय की तो ऐकू येत नाही. शेजारी उभ्या डबल बासवाल्याच्या अंगाला फक्त जाणवतो. डावा हात तेवढा मोकळा, स्नेअरवर मधूनच टिप्पणी करायला. विलंबित गाणं आलं की काठ्या खाली आणि तारांचे ब्रश हातात : डावा हात कातड्यावर गोल फिरत राहतो, उजवा त्यावरच हलकेच थापटतो. कातडं खरखरीत लेपाचं लागतं. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ब्रश नुसता घसरतो, त्याची सळसळ उठतच नाही. म्हणूनच हा माणूस हॉटेलातल्या ड्रमसेटवर विसंबत नाही. स्वतःची स्नेअर, सिंबल आणि पेडल पाठीवर घेऊन निघतो. पूर्वी पद्मिनी टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरला अख्खा बास ड्रम बांधून नेता यायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी गेली, आणि अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसलेली असते. चिंचपोकळीला जलद लोकल थांबत नाही. खांद्यावर सिंबलची बॅग घेऊन धीम्या गाडीत उभं राहायचं. समोर जेवणाऱ्या टेबलांपैकी ऐकतंय कोण? एखादं. तरी तो पाय चारही मात्रांवर पडतो, आणि लग्नाच्या मांडवात शंभर माणसं नाचवतानासुद्धा गाणारणीचा दम कुठे संपतो ते याच कानाने त्याला आधी कळतं. मावशीला ते कळत नसेल. गाणारणीला कळतं, आणि पुढच्या वेळी ती त्यालाच बोलावते.

(गाणारणीचा हा मुद्दा शौकिनाच्या तोंडी मी घातला खरा, पण तो पुरेसा आहे असं मला वाटत नाही. गाणारणीला कळतं म्हणून काम मिळतं, तरी दर वाढत नाही; दर मावशीच ठरवते. शंकेखोराने इथेच धरायला हवं होतं. तो मात्र दुसरीकडे वळला, आणि ती वाट अधिक कामाची निघाली.)

शंकेखोर : तुम्ही हाताचं वर्णन केलंत, छान. पण हा हात तयार कुठे होतो? चिंचपोकळीत चाळीतली खोली दहा बाय बारा. भिंतीला भिंत, वर माळा, बाहेर सामायिक गॅलरी. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस, ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा. ड्रमसेट नुसता बोलका केला तरी शंभराच्या आसपास जातो. म्हणजे पोलिसांची गरजच नाही, पलीकडच्या खोलीतलं तान्हं बाळ पुरे. मग रबरी पॅडवर सराव, नाहीतर तासावर भाड्याने मिळणारी रिहर्सलची खोली, तीही अंधेरीकडे. आणि आता ज्या गोष्टीला तुम्ही बगल देताय ती सांगतो. या भागात खराखुरा काम करणारा ड्रमर आहे, आणि तो जॅझवाला नाही. तो बेंजो पथकातला पोरगा आहे. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं गणपती मंडळ १९२० चं. शंभर वर्षं उलटून गेली. आगमनाच्या दिवशी पुलाखाली मुंगीला जागा नसते, आणि आजूबाजूच्या मंडळांच्या मिरवणुकांत टेम्पोवर बेंजो, कीबोर्ड, ढोल आणि ऑक्टोपॅड. तोच ऑक्टोपॅड, ज्याने तुमच्या ड्रमरचं सिनेमातलं काम खाल्लं! हा पोरगाही सुपारी घेऊन येतो. कुठलं गाणं कुठे तोडायचं, गर्दी दमली की ठेका कसा बदलायचा, मूर्ती वळणावर आली की कुठला तोडा धरायचा, हे त्याच्यासमोर कागदावर लिहिलेलं नसतं. तोही आयत्या वेळी रचतो. रवी जाधवांनी २०१६ मध्ये त्याच्यावर सिनेमा केला. त्याचे श्रोते जेवत नसतात. ते त्याच्यासाठी नाचायला येतात. मग ज्याचं ऐकायला एखादं टेबल असतं त्याला कला म्हणायचं, आणि ज्याच्यापुढे अख्खा रस्ता असतो त्याला धांगडधिंगा? गिरणगावच्या जमिनीवरही हेच झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग आलं, उत्तम जॅझ वाजलं म्हणे, २०१६ मध्ये बंद झालं. त्या दारातून या भागातली किती माणसं तिकीट काढून आत गेली असतील?

शौकीन : तिकीट काढून गेली नसतील. पण वाजवणारा आणि ऐकणारा यांची गल्लत करू नका. गोव्याचे जे वादक इथे आले ते काही शेटजी नव्हते. रत्नागिरीची माणसं गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहायची, तसेच हे धोबीतलावला, माझगावला आपापल्या गावाच्या कुडात, एका पेटीपुरत्या जागेत. खलाशी, आचारी आणि ट्रम्पेटवाला एकाच छपराखाली. महाग होती ती दारू. वाजवणारा तेव्हाही रोजंदारीवरच होता. बेंजोवाल्याबद्दल मात्र तुमचं ऐकतो. तो रचतो, त्याला लय आहे, त्याला मी धांगडधिंगा म्हणणार नाही. फरक इतकाच की त्याला हळू वाजवण्याची सोय नाही. रस्त्यावर हळू वाजवलं तर शेजारच्या मंडळाचा स्पीकर त्याला गिळतो. जॅझच्या ड्रमरचं अर्धं शिक्षण आवाज खाली आणून ताण तसाच धरण्याचं आहे, आणि तुम्ही काढलेला खोलीचा मुद्दा इथेच जिव्हारी लागतो. मोठ्याने वाजवणं पॅडवर शिकता येईल. काठी उसळते, हात पळतो, मनगट तयार होतं. पण राइडच्या कुठल्या भागावर कुठला सूर निघतो, ब्रशची सळसळ, बास ड्रमवरचा तो न ऐकू येणारा पाय, यांतलं काहीच रबरावर उमटत नाही. हळू वाजवायला शिकायचं तर खरा ड्रमच लागतो, आणि खऱ्या ड्रमला अशी खोली लागते जिथे आधी चार वर्षं मोठ्याने चुकता येईल. हे शहर आवाजाला परवानगी देतं, नाही असं नाही. सणाला देतं : वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत स्पीकर लावू देण्याचा अधिकार त्याच नियमांत राज्य सरकारला आहे. दारूच्या परवान्यासोबत बंद दाराआड देतं. पण ज्या रंगभवनात १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या जॅझ यात्रेत सॉनी रोलिन्स वाजवून गेला, ते शांतता क्षेत्रात सापडलं आणि गप्प झालं. सणाचा आवाज चालतो, धंद्याचा चालतो. शिकण्याचा आवाज कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शंकेखोर : बघा, कुठून निघालात आणि कुठे आलात. हा जॅझवाला आहे की नाही, हा वाद होता. आता तुम्ही जॅझ मागतच नाही आहात, खोली मागताय. चालेल, ही मागणी निदान मला कळते. आणि गिरणगावात तिला आधारही आहे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आला. मालक, कामगार आणि सरकार, तिघांच्या वर्गणीवर त्यातून कामगार कल्याण केंद्रं चालली. तिथे भजनी मंडळं बसली, कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमी झाल्या. पाळी संपवून आलेल्या साचेवाल्याला तालमीला जागा लागते हे इथे सरकारला एकेकाळी पटलं होतं. पण त्या खोलीची किल्ली त्याला मिळाली ती नट म्हणून नव्हे, कामगार म्हणून. त्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर होतं, त्याच्या वतीने मालक वर्गणी भरत होता. तुमच्या ड्रमरचा मालक कोण? शनिवारी नवरीचा बाप, मंगळवारी एखादी इव्हेंट कंपनी, बुधवारी शिकवणीच्या पोराची आई, शुक्रवारी कुलाब्याचा हॉटेलवाला. यांतला कुणीही त्याच्या नावाने कुठे छदामही भरणार नाही. तेव्हा त्याने आधी ठरवावं : कलावंत म्हणून मागायचं की कामगार म्हणून? कलावंत म्हणून मागाल तर रांगेत तबल्याचे, कथकचे, नाटकाचे वर्ग आधीच उभे आहेत, आणि ‘इंग्रजी बाजा’ला शेवटचा नंबर लागेल. कामगार म्हणून मागाल तर सगळं बिरुद उतरवून ठेवावं लागेल, कारण त्या हिशेबात मिलच्या आवारात राइड वाजवणारा आणि टेम्पोवर ऑक्टोपॅड वाजवणारा यांच्यात तसूभरही फरक नाही.

शौकीन : उतरवू. उतरवल्याने काही बिघडत नाही. खोलीत शिरल्यावर कोण काय वाजवतो ते कल्याण केंद्राच्या शिपायाने बघायचं नसतं. नाट्यस्पर्धेच्या तालमीला जागा दिली तेव्हा आत शेक्सपिअर चाललाय की वगनाट्य, हे निधीने विचारलं नव्हतं. तुम्ही कामगार आणि कलावंत अशा दोन रांगा लावताय. माझ्या माणसाचा सबंध दिवस त्या दोन्हींत मिळून जातो. स्टेजवर चढेपर्यंत तो हमाल असतो आणि स्टेजवरून उतरला की वसुलीला निघालेला लेनदार. मधल्या दीड तासाचं नाव तुम्ही काहीही ठेवा. मला एवढंच दिसतं की बेंजोचा पोरगा आणि तो, दोघांनाही संध्याकाळी सहानंतर दार लावून घेता येईल अशी एक जागा हवी आहे, आणि पालिकेच्या शाळांचे वर्ग त्या वेळी रिकामेच असतात.

शंकेखोर : मग जून ते ऑगस्टचं काय करणार? गणपतीच्या आधीचे तीन महिने पथकाला ती जागा रोज संध्याकाळी लागणार, आठ-दहा जणांसकट. पावसाळ्यात लग्नं आटलेली असतात, बाहेरचे कार्यक्रम बंद असतात, म्हणजे तुमच्या ड्रमरलाही सरावाला सवड तेव्हाच. एक दार, दोन गिऱ्हाइकं, तेच तीन महिने. पथकाच्या मागे मंडळ आहे, मंडळामागे नगरसेवक आहे. याच्या मागे खांद्यावरची सिंबलची बॅग. तरीही माझा अंदाज सांगतो : बेंजोवाला खोली वाटून घ्यायला तयार होईल, वर कुतूहलाने ब्रश हातात घेऊनही बघेल. तुमचा जॅझवाला त्याच्या पथकासोबत एकाच खोलीत ऑगस्टभर बसेल का, ते आधी त्याला विचारून या.